खांदेदुखी : घरी करायचे व्यायाम आणि ते कधी करू नयेत

"डॉक्टरसाहेब, खांदा धरला, एक सुई देऊन द्या." फवारणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेलूबाजार परिसरातल्या रुग्णांकडून हे वाक्य हमखास ऐकू येते. सुईने काही दिवस दुखणे दबते. हात पुन्हा कामाचा होतो तो व्यायामाने, आणि तो तुम्हालाच करावा लागतो.

आधी दुखणे ओळखा

खांद्याचा सांधा चार लहान स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. पाठीवर 16 लिटरचा पंप, एका हाताने सतत दांडा मारणे, पोती उचलणे, यांनी या स्नायूंच्या कंडरा दुखावतात. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही. पण दुसऱ्या कोणी हात उचलून दिला तर तो बहुधा वर जातो.

फ्रोजन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचे आवरणच आखडते. मग दुसऱ्याने उचलूनही हात जात नाही. वेणी घालणे, ब्लाउजचा हूक लावणे, मागच्या खिशातून पाकीट काढणे अडते. हे जास्त करून 40 ते 60 या वयात होते, आणि मधुमेह असणाऱ्यांत बरेच अधिक. खांदा आखडला आणि साखर कधी तपासली नसेल, तर ती आधी तपासा.

घरी एक चाचणी करून पाहा. दोन्ही कोपरे कुशीला चिकटवून काटकोनात वाका आणि पंजे बाहेरच्या बाजूला फिरवा. दुखरा हात दुसऱ्यापेक्षा बराच कमी फिरला तर फ्रोजन शोल्डरची शक्यता मोठी. खात्री मात्र डॉक्टरांकडून करून घ्या.

व्यायाम

हात झोळीत बांधून महिना महिना बसून राहणे ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक. काळजीपोटी घरचेच हात हलवू देत नाहीत आणि खांदा आणखी आखडतो. दुसरी चूक याच्या उलट : चोळणाऱ्याकडे जाऊन झटका देऊन घेणे. तसे करू नका.

सुरुवात लंबकाने करा. चांगला हात टेबलावर किंवा खाटेवर टेकवा, कमरेत वाका, दुखरा हात सैल सोडा आणि अंग हलवून तो पुढे-मागे, गोल झुलू द्या. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. 'फ्रोजन शोल्डर' हे नावही त्यांनीच 1934 मध्ये दिले.

मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढा. कालची जागा खडूने खुणावून ठेवा, म्हणजे प्रगती दिसते. पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरा आणि चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकला. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

दुखणे थोडे बसले की ताकदीचे व्यायाम. कोपर कुशीला ठेवून हाताची मागची बाजू दाराच्या चौकटीवर दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. ते सहज जमले की पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरून हात हळू उचला. हे एक दिवसाआड पुरे.

व्यायाम करताना थोडे दुखणारच. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखले आणि रात्रीपर्यंत शांत झाले तर चालते. दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिले तर सोडू नका, निम्मे करा.

कंडरेच्या दुखण्याला सहा ते बारा आठवडे द्या. फ्रोजन शोल्डर मात्र वर्ष ते तीन वर्षे रेंगाळू शकतो. त्यात सुरुवातीच्या तीव्र दुखण्याच्या काळात जोर लावून ताणू नये.

वाशीम-अकोल्याला रोज जावे लागते का?

बहुतेकांना नाही. रोटेटर कफच्या 708 रुग्णांवरचा इंग्लंडमधला 'ग्रास्प' हा अभ्यास 2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. फिजिओथेरपिस्टने एकदाच नीट समजावून घरी व्यायाम करायला सांगितलेले रुग्ण आणि सहा भेटींपर्यंत बोलावलेले रुग्ण, वर्षभरात दोघांत फरक दिसला नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचाही दीर्घकाळ फायदा आढळला नाही. म्हणून एकदा जा, व्यायाम करून दाखवा, चुका सुधारून घ्या. दुखण्याने व्यायामच जमत नसेल तर इंजेक्शन उपयोगी पडते, पण मधुमेहात त्याने काही दिवस साखर चढते. ती मोजत राहा. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून आठवडेच्या आठवडे खाऊ नका. मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना त्या महागात पडतात.

हे असेल तर व्यायाम नको, आधी तपासणी

पडल्यानंतर हात उचलताच येत नाही किंवा खांद्याचा आकार बदलला. खांदा लाल, गरम आणि सोबत ताप. वजन घटत आहे, गाठ लागते. मानेपासून हाताच्या बोटांपर्यंत मुंग्या किंवा हातात कमजोरी.

आणि डाव्या खांद्यासोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, हात हलवला न हलवला तरी दुखणे तेवढेच असेल, तर ते हृदयाचे असू शकते. मलम चोळत वेळ घालवू नका, लगेच 108 ला फोन करा.