भाभांचे भाकीत आणि काकोडकरांची सही

८ ऑगस्ट १९५५ रोजी जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयीची संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद सुरू झाली. अध्यक्ष होते मुंबईचे डॉ. होमी भाभा. संमीलनातून निघणारी ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. (हलकी अणुकेंद्रके एकत्र येऊन जड केंद्रक बनते ते संमीलन, सूर्याचे तेज त्यातूनच येते. संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ डोळे मिटणे असाही आहे, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगावयास नको.) ती दोन दशके केव्हाच सरली आणि भाकीत चेष्टेचा विषय झाले.

ही चेष्टा अन्यायाची आहे. त्या काळी अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ हे संशोधन गुप्तपणे करीत होते. भाभांनी भर सभेत विषयच काढल्यावर काही दिवसांतच अमेरिकेने आपलेही काम चालू असल्याचे मान्य केले. १९५६ मध्ये कुर्चातोव्ह यांनी इंग्लंडात हार्वेल येथे सोव्हिएत प्रयोगांची माहिती दिली आणि १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत गुप्ततेचा पडदा बव्हंशी दूर झाला.

पुढे १९८५ मध्ये, योगायोगाने जिनिव्हातच, रेगन-गोर्बाचेव्ह भेटीत संयुक्त प्रकल्पाच्या कल्पनेला चालना मिळाली. फ्रान्समध्ये कादाराश येथे उभी राहत असलेली 'इटर' अणुभट्टी हे तिचेच फळ. परंतु या पंक्तीत भारताचे पान नव्हते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुतंत्रज्ञानाची बहुतेक दारे आपल्याला बंद झाली होती. ज्याने इतरांना बोलते केले, त्याचाच देश उंबऱ्याबाहेर! तरीही गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये 'आदित्य' हे संमीलन-प्रयोगाचे यंत्र देशातच घडवून चालू झाले. हाती असे काही नसते, तर प्रवेश मागण्याला वजन आले नसते.

तो प्रवेश डिसेंबर २००५ मध्ये मिळाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसमध्ये करारावर भारतातर्फे सही केली ती अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी. रुपारेल महाविद्यालयात आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेल्या या अभियंत्याची ही सही आपल्याकडे फारशी कोणाला आठवत नाही. खर्चाचा सुमारे ९ टक्के वाटा भारताचा, तोही मुख्यतः यंत्रभागांच्या रूपाने. निष्पन्न होणाऱ्या ज्ञानावर मात्र हक्क सर्वांइतकाच. भट्टीला वेढणारे ३,८५० टनांचे पोलादी शीतपात्र गुजरातेत हजिरा येथे सुट्या भागांत घडले आणि मे २०२० मध्ये कादाराशला त्याचा तळभाग बसवला गेला.

२०२४ च्या सुधारित वेळापत्रकानुसार ड्यूटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हावयाचे आहेत. भाभांच्या भाषणाला तेव्हा ८४ वर्षे झालेली असतील.