उतारा जातो, दप्तर राहतं

१८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्याची जमीनमोजणी हाती घेतली. त्याआधी प्रिंगलने पुणे भागात केलेली मोजणी फसली होती. इंदापुरात जी पद्धत बसली ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. सातबाऱ्यावर आज दिसणारे सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार हे रकाने त्याच पद्धतीतून आले आहेत.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. सर्व्हरवरच्या डेटाबेसमधली नोंद ब्राउझरपर्यंत कशी न्यायची आणि बदल झाल्यावर परत कशी घ्यायची, हा माझ्या कामातला रोजचा प्रश्न. त्याचं मला पटलेलं उत्तर महसूल खात्याच्या गाव नमुन्यांत आहे.

एके काळी गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. वतन वंशपरंपरेचं, त्यामुळे दप्तरही जणू घरचंच. ज्याच्या हाती कागद तोच लिहिणारा, आणि बहुतेक वेळा वाचता येणाराही तोच. १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली. दप्तर पगारी तलाठ्याच्या ताब्यात आलं, ते एका घराचं राहिलं नाही. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यांत मोठा बदल हाच.

१९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने त्या दप्तराची शिस्त पक्की केली. नमुना सात हा हक्कांचा, बारा पिकांचा, आठ-अ खात्याचा आणि सहा फेरफारांचा. खातेदाराला मूळ पान कधीच मिळत नाही, मिळतो तो त्याच्या गटापुरता, सही-शिक्क्याचा उतारा. तो घेऊन बँकेत जा, कोर्टात जा. त्यावर खाडाखोड केली तरी दप्तरातलं अक्षर हलत नाही.

बदल करायची वाट वेगळीच आहे. जमीन विकत घेतली किंवा वारसाने आली तर तलाठ्याला वर्दी द्यायची. तो ती नमुना सहामध्ये लिहितो, नोंदीची प्रत चावडीत लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. हस्तलिखित सातबाऱ्यावर तोवर फक्त पेन्सिलची नोंद असे. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच शाई येई. जुनं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. नव्या नावाजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक येई. त्या क्रमांकाचं बोट धरून मागे मागे गेलं की पणजोबांपर्यंत पोचता येतं.

२००१च्या सुमारास पुण्यातल्या कंपन्यांत आम्ही जावामध्ये वेब अॅप्लिकेशन्स लिहीत होतो, तेव्हा सर्रास याच्या उलट चालायचं. डेटाबेसमधून आलेला ऑब्जेक्ट जसाच्या तसा पडद्याकडे धाडला जाई. ग्राहक मागितला की त्याची खाती, खात्यांचे व्यवहार, व्यवहारांच्या शाखा असं सगळं लटांबर मागोमाग येई. नाही आलं तर डेटाबेसशी जोडणी आधीच बंद झालेली असे आणि पडदा अर्ध्यावर कोसळे. मी पाहिलेल्या एका अॅप्लिकेशनमध्ये दोन कारकुनांनी एकच नोंद उघडली. एकाने पत्ता बदलला, दुसऱ्याने फोन. फॉर्म अख्खी नोंद परत पाठवत होता, त्यामुळे दुसऱ्याने जतन करताच पहिल्याचा पत्ता पुसला गेला. कुठे काही चुकलं, असा संदेशही आला नाही. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरच्या २००२च्या पुस्तकात 'डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट' आहे, म्हणजे पाठवण्यापुरता कापलेला डेटा. त्याच पुस्तकात आवृत्ती क्रमांक तपासून मगच लिहिण्याची युक्तीही आहे. वाचताना मला नमुना सात आणि वर्तुळातला क्रमांक दिसत होता. फाउलरची मांडणी उत्तम आहे. पण गावच्या चावडीत हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या वापरात होतं आणि आमच्यापैकी कोणी तिकडे पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

संगणकीकरणात महसूल खात्यालाही हा धडा पुन्हा गिरवावा लागला. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा काही वर्षं शेजारी शेजारी नांदले. दोन मुळं झाली की एक तरी खोटं ठरतंच. फेरफार संगणकावर नोंदवण्याच्या ई-फेरफार प्रकल्पात ती एक करायची होती. पुण्यात विधान भवनासमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीतल्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाकडे हे काम होतं. जुळवणीसाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातली नावं, क्षेत्रं आणि हक्क लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवले, चुका लिहून घेतल्या. डेटाबेस तपासण्याची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही.

१ मे २०१८ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. महाभूलेख संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता, पंधरा रुपये भरून मिळणारा स्वाक्षरीचा सातबारा कायदेशीर कामाला चालणारा. दोन्ही एकाच मुळाच्या प्रती, वजन मात्र वेगळं. दस्त नोंदवला की त्याची माहिती दुय्यम निबंधकाकडून तलाठ्याकडे आता ऑनलाइन जाते. तरी ती फेरफार म्हणूनच जाते. नोटीस, हरकतीची मुदत, प्रमाणीकरण यांतलं काहीही यंत्राच्या वेगापायी गाळलेलं नाही.

१५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि आपली नोंद स्वतः करतो, ती जाते नमुना बारात. हा बदल मला योग्य वाटतो. शेतात हरभरा आहे की ज्वारी, हे पेरणाऱ्याइतकं कुणाला माहीत नसतं. शिवाय पुढच्या हंगामात ती नोंद पुन्हा नव्याने व्हायचीच असते. नमुना सातची गोष्ट निराळी. तिथल्या एका नावावर भावाचा, बहिणीचा, कुळाचा आणि बँकेचा हक्क अडकलेला असतो, म्हणून तिथे खातेदाराने अर्जच द्यायचा आणि लेखणी दप्तराकडेच ठेवायची. नवीन मुलं संघात आली की मी त्यांना आधी एक जुना सातबारा वाचायला देते, कंस आणि वर्तुळं बघायला लावते, आणि मग कोडला हात घालू देते.