एकच खरं, दोन घरं



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचतीचा हिशेब झाला, वही मिटली आणि कुणीतरी सहज विचारलं, "आपल्या मुलीच्या बाबतीत काही वाईट घडलं, तर ती आधी कुणाला सांगेल?" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "आईला." मग एकजण हळूच म्हणाली, "मी नव्हतं सांगितलं." त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

त्या दिवसापासून आम्हाला एक जुना तमिळ चित्रपट आठवतोय. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. नाव जरा लांबलचक आहे, 'सिल नेरंगळिल सिल मनिदर्गळ'. म्हणजे 'काही वेळी काही माणसं'. हा चित्रपट १९७७ साली आला. दिग्दर्शक होते ए. भीमसिंग. दिलीपकुमारचा 'गोपी' ज्यांनी पाहिलाय, त्यांनी भीमसिंगांचं काम पाहिलेलंच आहे. यातली नायिका गंगा झाली होती लक्ष्मी, आपल्याला 'ज्युली' म्हणून ठाऊक असलेली. गंगेच्या भूमिकेसाठी तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण या चित्रपटाची सुरुवात झाली ती अकरा वर्षं आधी, एका छोट्या कथेतून. लेखक होते जयकांतन. जेमतेम पाचवीपर्यंत शाळा शिकलेला हा माणूस पुढे तमिळमधला मोठा लेखक झाला आणि २००२ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. १९६६ साली 'आनंद विकटन' या साप्ताहिकात त्यांची कथा छापून आली, 'अग्निप्रवेश'.

कथा अशी. मद्रास शहर, संध्याकाळची वेळ आणि धो धो पाऊस. कॉलेजातली एक गरीब घरची मुलगी बसची वाट बघत उभी आहे. एक मोठी गाडी येऊन थांबते. आतला तरुण म्हणतो, बस, सोडतो तुला. ती बावरते, पण बसते. तो तिच्या भोळेपणाचा आणि घाबरलेपणाचा फायदा घेतो. मुलगी भिजलेली, भेदरलेली घरी येते आणि जे घडलं ते आईला सांगून टाकते.

आई विधवा. भाड्याचं घर, भिंतीला भिंत लागून शेजारी. तिच्याही पायाखालची जमीन सरकते. पण ती मुलीला न्हाणीत नेते आणि डोक्यावरून घडेच्या घडे पाणी ओतते. त्या पाण्यालाच ती अग्नी मानते आणि लेकीला सांगते की तू आता शुद्ध आहेस, यातलं कुणाला सांगू नकोस. सीतेला आगीतून जावं लागलं होतं. या आईनं आपल्या लेकीला पाण्यावर सोडवलं.

कथा छापून आली आणि वाचक खवळले. अशी मुलगी शुद्ध कशी, आई असं कसं झाकते, असे प्रश्न आले. तेव्हा जयकांतन यांनी एक मोठी कादंबरी लिहिली. तुम्हाला ती आई चालत नाही ना, मग तुमच्या मनासारखी आई दाखवतो, असाच जणू त्यांचा हिशेब होता. कादंबरीतल्या आईला तेच खरं ऐकून घेता येत नाही. ती आरडाओरडा करते. शेजारी जमतात, मोठा भाऊ बहिणीला घराबाहेर काढतो. या कादंबरीला १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिच्यावरूनच चित्रपट निघाला.

चित्रपटातली गंगा ही त्या दुसऱ्या घरातली मुलगी. मामाच्या आधारानं ती शिकते, चांगल्या नोकरीला लागते. पण तो आधारही फुकटचा नाही. मामाची नजर स्वच्छ नाही. वर तोच तिला टोमणा मारतो की तुझं आता लग्न कसलं होतंय, हिंमत असेल तर त्या माणसाला शोधून आण.

एक दिवस गंगेच्या हाती एक मासिक येतं आणि त्यात तिला आपलीच गोष्ट सापडते. फरक एवढाच, की गोष्टीतल्या आईनं पाणी ओतलंय. आईलाही ती गोष्ट वाचून रडू येतं. इतक्या वर्षांनी तिला कळतं की आपल्यालाही तसं वागता आलं असतं. गंगा त्या लेखकाला गाठते, त्या गाडीवाल्याचा माग काढते आणि खरोखरच त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. तो आता बायकामुलांचा संसारी माणूस आहे. आपण केलेलं तो नाकारत नाही. पण गोष्टीचा शेवट लग्नात होत नाही, आणि गेलेली वर्षं काही परत येत नाहीत.

मैत्रिणींनो, सच्चेपणा म्हटलं की आपल्याला बोलणारा आठवतो. हरिश्चंद्र आठवतो. इथे दोन्ही घरांतली मुलगी सारखीच खरं बोलली. एका घरात खरं बोलून ती सुटली, दुसऱ्या घरात खरं बोलूनच देशोधडीला लागली. दोष गाडीवाल्याचा होता आणि शिक्षा भोगली मुलीनं. म्हणून खरं ऐकणाऱ्याचाही कस लागतो, हे आम्हाला या गोष्टीतून कळलं.

एक गोष्ट मात्र त्या पहिल्या आईपेक्षा पुढची आहे. कुणाला सांगू नकोस, असं ती म्हणाली, कारण तिच्या हातात तेवढंच होतं. आज तेवढंच नाही. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडित बाईचं नाव जाहीर करणं हा १९८३ सालापासून कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे तक्रारही करता येते आणि नावही झाकलेलं राहतं. गावात बोभाटा होईल म्हणून गुन्हेगाराला मोकळं सोडायची गरज नाही.

बैठकीत "मी नव्हतं सांगितलं" म्हणणारी आमची मैत्रीण नंतर आम्हाला म्हणाली, "आई वाईट नव्हती गं. पण शेजारच्या पोरीबद्दल ती काय बोलायची, ते मी ऐकलं होतं." हे आमच्या काळजाला लागलं. आपल्या लेकी आपलं ऐकत असतात. चुलीपाशी, नळावर, एसटीत आपण दुसऱ्याच्या मुलीबद्दल काय बोलतो, त्यावरून त्या ठरवतात की उद्या आपलं आईला सांगायचं की नाही.

तेव्हा आज रात्री जेवताना तुमच्या घरात कुणा मुलीचा विषय निघाला, तर जरा जपून बोला. तुमची लेक ताटावर बसलेली असेल.