शपथ, कायदा आणि समज

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शिक्रापूर हें गांव आहे. या रस्त्याच्या पुण्याकडील टोकास येरवडा, तर शिक्रापूर ओलांडून पुढें गेल्यावर आडवाटेस राळेगणसिद्धी. दारूशीं महाराष्ट्रानें दिलेल्या झुंजीचा बराचसा इतिहास या रस्त्याच्या आसपासच घडला.

१८८० सालीं जोतीराव फुले यांनीं पुणें नगरपालिकेस पत्र लिहून शहरांतील वाढत्या गुत्त्यांस विरोध केला. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यानें तरुण स्वयंसेवक गुत्त्यांपुढें उभे राहून गिऱ्हाइकांचीं मनें वळवूं लागले; सरकारनें त्यांच्यावर खटले भरले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें हें काम पोलिसांकडे गेलें. १९७५ नंतर राळेगणच्या तरुणांनीं गुत्ते बंद पाडले. पिणाऱ्यास खांबाला बांधून फटके देण्यापर्यंत तेथें मजल गेली. उलट १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं येरवड्यास मनोरुग्णालयाच्या आवारांत ‘मुक्तांगण’ काढलें, आणि व्यसनी मनुष्य हा गुन्हेगार नसून रोगी होय, ही दृष्टि समाजास दिली.

या साऱ्यांत एक उणीव राहिली. जो तरुण अद्याप व्यसनी नाहीं, पण ज्याच्यापुढें पेला येणारच, त्याच्या हातीं काय पडलें? शपथेनें ‘पिऊं नको’ एवढेंच सांगितलें. कायद्यानें कडक दारूसाठीं २५ वर्षांची मर्यादा घातली. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. मिथेनॉलचें विष कांहीं तासांनीं अंगांत भिनतें, दृष्टि अंधुक होते. तत्काळ रुग्णालय गांठल्यास प्राण वाचूं शकतात. हें ज्ञान ना शपथेंत होतें, ना कायद्यांत.

पश्चिम ऑस्ट्रेलियांतील कांहीं माध्यमिक शाळांत १९९७ पासून निराळा प्रयोग झाला. पिण्याची भलावण नाहीं, नुसती भीतिही नाहीं. मद्यापासून होणारी हानि कशी टाळावी, हें मुलांना प्रत्यक्ष प्रसंगांच्या आधारें शिकविलें. तीं शिकलेल्या मुलांस इतरांपेक्षां हानि कमी पोहोंचल्याचें आढळलें.

शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगांव या पट्ट्यांत आज कारखान्यांपायीं परगांवचे असंख्य तरुण घरापासून दूर राहतात. प्यालेल्या सोबत्याच्या गाडीवर बसूं नये, बेशुद्ध मित्रास एकटें न सोडतां कुशीवर निजवावें, अनोळखी दारू विषारी असूं शकते, एवढें त्यांस शाळेंतच कोणीं सांगितलें, तर न पिण्याचा उपदेश दुबळा होत नाहीं. उपदेश ज्याच्या कानीं ठरला नाहीं, तोही त्यामुळें जिवंत घरीं परततो.