निळीच्या पानातले साखरेचे कुलूप

निळीचा इतिहास आपण शोषणाचा इतिहास म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या इतिहासाच्या पोटात रसायनाची एक कथाही दडलेली आहे.

निळीच्या हिरव्या पानात निळा रंग नसतो. वनस्पती इंडॉक्सिल हा अस्थिर रेणू तयार करते आणि तिचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला ग्लुकोज जोडते. त्यातून इंडिकन हे रंगहीन, पाण्यात विरघळणारे आणि टिकाऊ संयुग बनते. साखर जोडणारी अशी विकरे ग्लायकोसिलट्रान्सफरेज या विशाल कुळातली. साखर तोडणारे ग्लुकोसिडेज त्याच पानात, पण वेगळ्या कप्प्यात असते. पाने हौदात भिजवली की कप्पे मोडतात, साखरेचे कुलूप उघडते. मजूर पाणी घुसळत, त्यात हवा मिसळे, इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू जुळत आणि निळा गाळ तळाशी बसे.

१८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. धास्तावलेल्या बिहारच्या मळेवाल्यांनी शास्त्रज्ञ नेमले. त्यांपैकी बर्गथील यांनी १९०४ मध्ये दाखवले की हौदातील बदल मुख्यतः पानातील विकरामुळे होतो, जीवाणूंमुळे नव्हे. निष्कर्ष अचूक होता. मळे मात्र त्याने वाचले नाहीत. चंपारणमध्ये वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पिकवण्याची 'तिनकठिया' सक्ती होती. नीळ परवडेनाशी झाल्यावर मळेवाल्यांनी त्या सक्तीतून सुटका देण्याच्या बदल्यात रयतेचा सारा वाढवला आणि आपला तोटा तिच्यावर ढकलला. १९१७ मध्ये गांधीजी तेथे पोहोचले ते या पार्श्वभूमीवर.

कृत्रिम निळीचीही एक किंमत आहे. ती पाण्यात विरघळत नाही; म्हणून जीन्सचे सूत रंगवताना सोडियम डायथायोनाइट वापरतात आणि त्याचे अवशेष सांडपाण्यात जातात. २०१८ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांनी जपानी निळीच्या झाडातील साखर जोडणाऱ्या विकराचे जनुक ई. कोलाय जीवाणूत घातले, इंडिकन मिळवले आणि ग्लुकोसिडेज वापरून डायथायोनाइटविना सूत रंगवले. प्रयोग प्रयोगशाळेतला होता, पण युक्ती वनस्पतीचीच होती.

मी भौतिकशास्त्राचा अभ्यासक. रेणूंची ही शिस्त मला मोहवते. तरीही चंपारण आठवते. कुलूप कसे उघडते हे विज्ञान सांगते. नव्या तंत्राचा खर्च कोणाच्या माथी पडणार, हे आपल्यालाच वेळीच विचारावे लागेल.