राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा (भारत)
शालेय शिक्षणात काय, केव्हा व कशासाठी शिकवावे याची दिशा देणारा दस्तऐवज. १९७५, १९८८, २००० व २००५ नंतरचा शालेय शिक्षणाचा आराखडा २०२३ मध्ये आला. त्यात १०+२ या जुन्या रचनेऐवजी ५+३+३+४ असे स्तर आहेत: पायाभूत (वय ३ ते ८, बालवाटिका ते दुसरी), पूर्वतयारी (तिसरी ते पाचवी), मध्य (सहावी ते आठवी) आणि माध्यमिक (नववी ते बारावी).

नव्या शिक्षकाने आधी उतरंड ओळखावी. ध्येयांतून क्षमता, क्षमतांतून अध्ययन निष्पत्ती ठरतात; पाठ्यपुस्तक हे त्यानंतरचे साधन, अभ्यासक्रम नव्हे. व्यवहारात मात्र दोन्ही एकच मानले जातात. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत असल्याने राज्ये स्वतःचा आराखडा करतात. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तके ‘बालभारती’ काढते.