चार रुपयांची शिल्लक : गिरणगावातल्या संसारांचा जमाखर्च

१९२३ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने एक अहवाल छापला. मुंबईतला कामगार महिन्याकाठी किती मिळवतो आणि ते कशावर खर्च करतो, एवढाच त्याचा विषय. कचेरीचे संचालक जी. फिंडले शिर्रास यांच्या देखरेखीखाली मे १९२१ ते एप्रिल १९२२ या वर्षभरात तपासनीस चाळीचाळींतून हिंडले. त्यांच्यात स्त्रियाही होत्या. त्यांनी २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे हिशेब उतरवून घेतले. गिरणी कामगारांवर आपल्याकडे संप, युनियन, पुढारी या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच माणसांच्या घरातला डाळ-तांदळाचा हिशेब मात्र या रुक्ष सरकारी तक्त्यांतच सापडतो.

तक्त्यांतले सरासरी कुटुंब ४.२ माणसांचे आहे : १.१ पुरुष, १.१ स्त्रिया आणि दोन मुले. म्हणजे नवरा, बायको आणि दोन लहान लेकरे. सासू, दीर किंवा मेहुणा क्वचितच. शिवाय गावी राहणारी, पण याच मिळकतीवर अवलंबून असलेली सरासरी ०.६ माणसे. रत्नागिरीत किंवा घाटावर ठेवलेली म्हातारी आई या अपूर्णांकात बसते. कुटुंबाचे मासिक उत्पन्न रु. ५२-४-६, म्हणजे बावन्न रुपये चार आणे सहा पै. खर्च सुमारे ४८ रुपये. त्यातला ५६.८ टक्के अन्नावर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के घरभाड्यावर, ७.४ टक्के सरपण आणि दिवाबत्तीवर, आणि उरलेला १८.५ टक्के किरकोळ बाबींवर.

बेरीज पाहिली तर संसार शिलकी आहे. महिन्याला चार रुपये उरतात. पण त्याच अहवालात पुढे नोंद आहे की ४७ टक्के कुटुंबे कर्जात आहेत आणि कर्जाचा आकडा साधारण अडीच महिन्यांच्या कमाईएवढा आहे. व्याजाचा रूढ दर रुपयाला महिना एक आणा. हा दर ऐकायला किरकोळ वाटतो, कारण तो आण्यांत सांगितला जातो. वर्षाला तो पंचाहत्तर टक्के पडतो. पठाणाकडून घेतले तर याच्याही दुप्पट.

या दोन नोंदी शेजारी ठेवून हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अडीच महिन्यांची कमाई म्हणजे सुमारे १३० रुपये. रुपयाला एक आणा या दराने त्याचे महिन्याचे व्याज होते आठ रुपये दोन आणे. घरभाडे पडत होते पावणेचार रुपयांच्या आत. म्हणजे कर्जदार घराने व्याज पुरते भागवायचे ठरवले, तर ते खोलीच्या भाड्याच्या दुपटीहून अधिक, आणि त्या सरासरी शिलकेच्याही दुप्पट भरते. मुद्दल तसेच राहते. सरासरीची शिल्लक कर्ज नसलेल्या घरांच्या जोरावर उभी आहे; कर्ज असलेल्या घराला ती लागू नाही.

मग कर्ज का काढले? त्या काळच्या सुशिक्षित वर्गाचे उत्तर तयार होते : लग्ने, सण आणि दारू. लग्नाचा मुद्दा खोटा नाही. याच पाहणीत लग्नाचा सरासरी खर्च २१४ रुपये, म्हणजे चार महिन्यांच्या उत्पन्नाइतका निघाला. पण लग्न आयुष्यात एकदोनदा येते आणि वाण्याची उधारी दर महिन्याला. उधळपट्टीचा आरोप करणाऱ्यांनी अन्नाचा तक्ता वाचायला हवा होता. अहवालाचा निष्कर्ष असा, की कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळ संहितेने ठरवून दिलेल्या कमाल शिध्याएवढे भरते, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीतल्या शिध्यापेक्षा कमी. गिरणीत राबणाऱ्याला कैद्याहून कमी धान्य मिळते, हे सरकारनेच छापले होते. या ताटातून आणखी काय काढणार? भाड्यातही वाचवण्याजोगे काही नव्हते. सत्त्याण्णव टक्के कामगार एका खोलीत राहत होते.

माझ्या मते कर्जाचे मूळ खर्चापेक्षा पगाराच्या तारखेत अधिक होते. मुंबईच्या गिरण्या महिन्याचा पगार महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी देत. नव्याने कामाला लागलेल्या माणसाच्या हाती पहिला रुपया पडायला दीड महिना लागे. तोवर खायचे काय? वाणी उधार देई, पण उधारीचा भाव रोखीच्या भावाहून चढा असे, आणि बाकी असलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाची वाट बंद. बदलीवाल्याचे हाल याहून वाईट. तो रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही आणि काम मिळेल की नाही हे मुकादमाच्या मर्जीवर ठरे. ती मर्जी राखायला दस्तुरी लागे आणि दस्तुरीसाठी पुन्हा कर्ज. कित्येकदा कर्ज देणारा मुकादमच असे. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर लाठी घेऊन पठाण उभा. पैसे घरी पोचण्याआधीच त्यांचे वाटे पडत.

संपाच्या काळात हीच साखळी उलट्या दिशेने ताणली जाई. १९२८चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. ज्यांना गावी थोडीफार जमीन होती, ते कोकणची वाट धरत. मागे राहिलेल्यांच्या घरातली पितळेची भांडी गहाणाला जात.

१९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली कमिशनने, १९३१च्या अहवालात कर्जावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कामगार कर्जात आहेत, असा त्यांचा अंदाज. मुलगा बापाचे कर्ज आपलेच मानतो, याचे त्यांना कौतुकही वाटले आणि खेदही. कामगाराला काटकसरीचे धडे देऊन कमिशन थांबले नाही, हे महत्त्वाचे. कर्ज देणे सावकारालाच परवडू नये, अशी व्यवस्था करा, असे त्यांचे सांगणे होते : वेतनावर जप्ती नको, कर्जापायी कैद नको, कारखान्याच्या दाराशी वसुलीसाठी घोटाळणे हा गुन्हा ठरवा.

त्यातले काही हळूहळू कायद्यात आले. १९३६च्या वेतन अदायगी कायद्याने हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यात सातव्या आणि मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत पगार देणे बंधनकारक केले. त्याच वर्षी मध्य प्रांत-वऱ्हाडात औद्योगिक कामगारांच्या कर्जाची तडजोड करून ते फेडण्याचा कायदा झाला. नागपूरच्या गिरणी कामगारांना तो लागू होता. १९३७ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन शंभर रुपयांपर्यंतच्या पगाराला जप्तीपासून संरक्षण मिळाले. मुंबईचा सावकारी कायदा यायला १९४६ उजाडले. मजुरीचा दर न वाढवता केवळ पगाराची तारीख अलीकडे आणणे ही दिसायला क्षुल्लक सुधारणा, पण मला ती या सगळ्यांत सर्वांत मोलाची वाटते. वाण्याच्या वहीतले काही दिवस तिने कमी केले.

शिर्रास यांच्या तक्त्यांत एक माणूस नीट दिसत नाही : घरातली बाई. तिच्या हातात संसाराचा हिशेब असे आणि पुष्कळदा मिळकतही. एकट्या राहणाऱ्या त्या पुरुषांना महिनेवारीने जेवू घालणाऱ्या खाणावळी गिरणगावातल्या बायकाच चालवत. चूल त्यांची, कष्ट त्यांचे आणि उधारीही त्यांच्याच नावावर. गिऱ्हाइकाचे पैसे पगार झाल्यावर येणार, धान्य मात्र आज हवे. म्हणजे गिरणी जो पगार उशिरा देई, त्या उशिराचा भार शेवटी चुलीपाशी बसलेल्या बाईवर येई. संप लांबला की गिऱ्हाईक गावी जाई आणि बाकी तिच्या डोक्यावर राही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांतल्या कित्येकींच्या डोक्यावर वाण्याची आणि सावकाराची बाकी होती. गहाण ठेवायला घर नाही, जामीन राहायला पैसेवाला नाही, म्हणून बँक दारात उभे करीत नव्हती. मग बायकांनी आपापसांत गट केले आणि एकमेकींना जामीन राहिल्या. शिर्रास यांच्या पाहणीला तोवर अर्धशतक उलटले होते.